पानं उलटल्याचा आवाज

दादरला रानडे रोडच्या मागे ज्या इमारतीत सुनेत्रा तळपदे राहायच्या, तिथे त्यांनी कोणाला काय दिलं हे विचारायची वेळ कोणावर येत नसे. ते आपोआप कळायचं. डिसेंबरात हवा जरा बदलली की त्या परळच्या मोठ्या इस्पितळाबाहेर फुटपाथवर झोपणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना चादरी वाटून यायच्या, आणि संध्याकाळपर्यंत लिफ्टमन, इस्त्रीवाला आणि दुसऱ्या मजल्यावरची अंथरुणाला खिळलेली आजी या सगळ्यांना चादरींचा रंगसुद्धा ठाऊक झालेला असायचा. दिवाळीला कामवालीसाठी साडी घ्यायला त्या हिंदमात्याला जात. दुकानात शिरल्या शिरल्या सांगत, "बाईंना द्यायची आहे, पण हलकी दाखवू नका." आणि हे वाक्य बोलून झालं की इतर गिऱ्हाइकांपैकी कोणी ऐकलं, कोणाचं ऐकायचं राहिलं, यावर एक नजर टाकत.

यात खोटं काही नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. चादरी जाड असायच्या, साडी चांगली असायची, आणि शेजारी कोणी आजारी पडलं तर डबा घेऊन सगळ्यांत आधी धावायच्या त्या सुनेत्राताईच. फक्त आपलं देणं पोचलं का, यापेक्षा ते दिसलं का, याची काळजी त्यांना थोडी जास्त वाटायची. "काय करू, माझा स्वभावच पडला देण्याचा," असं त्या म्हणत तेव्हा सूर जरा तक्रारीचा लागायचा, जसा आपला गुडघ्याबद्दल बोलताना लागतो.

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्या परळच्या एका वाचन केंद्रात जाऊ लागल्या. केंद्र म्हणजे एका जुन्या सभागृहामागच्या खोल्या. तिथे अंध विद्यार्थी येत आणि डोळस स्वयंसेवक त्यांना पुस्तकं वाचून दाखवत. आता कोणी म्हणेल, हल्ली फोनच वाचून दाखवतो की. दाखवतो, पण नव्या छपाईचं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं, पिवळ्या कागदावरचं, शाई उडालेलं मराठी पुस्तक फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरलं की फोन जे बोलू लागतो ते जगातल्या कुठल्याही भाषेत बसत नाही. तिथे माणूसच लागतो. मुलं त्या माणसाचं वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवतात आणि परीक्षेपर्यंत पुन्हापुन्हा ऐकतात.

त्या वर्षी लोअर परळच्या एका कंपनीने केंद्राला मदत देऊ केली. मदतीबरोबर ऋग्वेदा आली. ऋग्वेदा कंपनीच्या समाजसेवा विभागात होती, हुशार होती, वयाने लहान होती आणि तिचा आकृत्यांवर फार विश्वास होता. तिने पहिल्याच बैठकीत सांगितलं की सेवा कोणी, कशी आणि किती करावी हे माणसाच्या व्यक्तिमत्त्वावर ठरतं, परदेशात यावर पुष्कळ अभ्यास झालाय, तेव्हा आपणही प्रत्येक स्वयंसेवकाची चाचणी घेऊ आणि त्याप्रमाणे विद्यार्थी वाटून देऊ. चाचणी फोनवर होती. एकेक वाक्य यायचं आणि त्याच्याशी आपण कितपत सहमत ते दाबायचं.

सुनेत्राताईंनी ती चाचणी चहा गार व्हायच्या आत संपवली. "दुसऱ्याचं दुःख पाहून मी लगेच मदतीला धावते." पूर्ण सहमत. "लोक माझ्याशी मन मोकळं करतात." पूर्ण सहमत. "माझ्या चांगल्या कामाची दखल घेतली नाही तरी मला चालतं." इथे त्यांचं बोट क्षणभर थांबलं, पण मग तेही पूर्ण सहमत.

पलीकडच्या टेबलाशी हितेंद्र सामंत पहिल्याच वाक्यावर अडून बसले होते. सामंत लालबागचे, बँकेत हिशेबतपासणी करून निवृत्त झालेले. त्यांच्या चाळीतली मुलं गणपतीची वर्गणी मागायला त्यांच्या दाराशी शेवटी जात, कारण सामंत गेल्या वर्षीचा जमाखर्च मागत आणि तो वाचून होईपर्यंत मुलांना उभं करून ठेवत. केंद्रात ते का येतात असं कोणी विचारलं तर म्हणत, "घरी वाचतोच. इथे मोठ्याने वाचतो." त्या पहिल्या वाक्यावर बोट ठेवून त्यांनी ऋग्वेदाला बोलावून विचारलं, "दुःख कोणाचं, ते इथे लिहिलेलं नाही. माणूस बघून धावायचं की नाही ते ठरवणार ना मी?" ऋग्वेदा म्हणाली, काका, सर्वसाधारणपणे सांगा. सर्वसाधारणपणे आपण धावतच नाही, असं सांगून सामंतांनी "असहमत" दाबलं.

निकाल आले तेव्हा प्रत्येकाच्या ओळखपत्रावर एकेक रंगीत चकती चिकटवण्यात आली. शिस्तीच्या माणसांना हिरवी, शांत माणसांना निळी आणि ज्यांची सहृदयता सगळ्यांत वरची त्यांना नारिंगी. सुनेत्राताईंना नारिंगी मिळाली. सामंतांना करडी. करड्या रंगाचा अर्थ "स्वतंत्र वृत्ती" असा होता, पण तो सांगताना ऋग्वेदाचा आवाज इतका मऊ झाला की सगळे काय ते समजले. ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता त्या मुलांना चकत्यांचे रंग दिसणार नव्हते, ही गोष्ट एकट्या सामंतांनी बोलून दाखवली, आणि त्यामुळे चाचणी किती अचूक आहे याची इतरांना खात्रीच पटली.

सुनेत्राताई पुढचे काही दिवस ओळखपत्र काढायला विसरत राहिल्या. भाजीवाल्याकडे विसरल्या, बँकेत विसरल्या, नातवाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनालाही विसरल्या.

त्यांच्या वाट्याला स्वप्नील आला. स्वप्नील परब, लालबागच्या चाळीतला मुलगा, लहानपणीच दृष्टी गेलेला. इतिहासात एम.ए. करत होता आणि सगळे पेपर सुटून मुंबईच्या कामगार चळवळीचा एक पेपर राहिला होता. मागच्या वेळी त्यात तो थोडक्या गुणांनी नापास झाला होता. या वेळी सुटणं भागच होतं, कारण गिरणी कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेने त्याला नोकरी कबूल केली होती. शेकडो तास मुद्रण पडून होतं आणि ते नीट कान देऊन ऐकणारा, त्यातलं काय महत्त्वाचं ते टिपणारा माणूस त्यांना हवा होता. असं काम स्वप्नीलइतकं चांगलं कोण करणार? पण संस्थेला एम.ए. पूर्ण झालेला माणूस हवा होता आणि परीक्षेपुढे जागा रिकामी ठेवायला ती तयार नव्हती. पेपर सुटला तर नोकरी, नाहीतर पुन्हा भावाच्या पगारावर एक वर्ष. ऋग्वेदाने आकृती बघून ठरवलं, ज्याची गरज मोठी त्याला सगळ्यांत उबदार वाचक.

पेपरासाठी पुस्तक एकच होतं. जुनं, दुर्मीळ, कॉलेजच्या ग्रंथालयातून मिनतवारीने आणलेलं. सुनेत्राताईंनी ते उघडलं, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

त्यांचा आवाज खरोखर चांगला होता. स्वच्छ, भरदार, शब्द न शब्द कळेल असा. तो आवाज पुस्तकाला मिळाला असता तर काय हवं होतं? पण सुनेत्राताई एक वाक्य वाचत आणि त्या वाक्यावरून त्यांना काहीतरी आठवे. गिरणीच्या भोंग्याचा उल्लेख आला की त्यांच्या वडिलांचं घड्याळ आठवे, जे वडील भोंग्यावर लावत. मालकांची नावं आली की त्यांतल्या कोणाच्या बंगल्यात आजोबांचं येणंजाणं होतं ते आठवे. आकडे आले की त्या म्हणत, "हे जाऊ दे, आकडे काय, कोणाच्या लक्षात राहतात." तळटीपा तर त्यांच्या मते छपाईतली चूकच होती. मध्येच बहिणीचा फोन येई. मध्येच डबा उघडे, कारण पोटात काही नसेल तर डोक्यात काय जाणार. आणि डब्यात कोलंबीचं भाजलेलं भानोलं असे, आणि ते कसं झालंय हे स्वप्नीलने सांगितल्याशिवाय पुढचं वाक्य सुरू होत नसे. भानोलं चांगलंच झालेलं असायचं. स्वप्नील तसं सांगायचा आणि फोनवरचं मुद्रण चालूच ठेवायचा.

अशी सहा प्रकरणं संपली. सातव्या प्रकरणाचं नाव होतं "संपानंतरची घरं".

सुनेत्राताईंनी पहिला परिच्छेद मनातच वाचला. गहाण पडलेली भांडी, शाळेतून काढलेली मुलं, कोकणात परत गेलेली कुटुंबं, दारूत बुडालेले बाप. त्यांनी मान वर केली. समोर स्वप्नील बसला होता, हात मांडीवर, चेहरा किंचित त्यांच्या दिशेने. त्याचे आजोबा रामू परब गिरणीत साचा, म्हणजे कापडाचा माग, चालवत होते आणि संपानंतर पुन्हा कधीच कामावर गेले नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं, त्यानेच कधी बोलता बोलता सांगितलं होतं. आणि हे आपण या मुलाला वाचून दाखवायचं? त्याच्या तोंडावर? नारिंगी चकतीच्या माणसाला हे जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी पान उलटलं. पुढेही तेच होतं. आणखी एक उलटलं. असं करत त्या प्रकरणाच्या शेवटी आल्या, तिथला एक थंड, बिनरक्ताचा परिच्छेद त्यांनी भरल्या गळ्याने वाचला आणि म्हणाल्या, "झालं सातवं. छोटंच होतं."

"हो का?" स्वप्नील म्हणाला.

घरी जाताना सुनेत्राताईंना आपण काहीतरी फार मोठं आणि फार गुप्त दान केलंय असं वाटत होतं. रात्रीपर्यंत ते त्यांनी बहिणीला, शेजारच्या वैशालीवहिनींना आणि लिफ्टमनला सांगितलं.

मग भाचीचं लग्न निघालं आणि त्यांना नाशिकला जावं लागलं. तेवढ्या दिवसांपुरता स्वप्नील सामंतांकडे गेला. परत आल्यावर तो म्हणाला, सामंतकाकांकडून थोडं राहिलेलं वाचून घेतलं. राहिलेलं म्हणजे काय राहिलं होतं, हे सुनेत्राताईंनी जरा ताणून विचारलं. स्वप्नील म्हणाला, "असंच, ताई, सुरुवातीचं." (सदुसष्टाव्या वर्षीही काकू म्हटलेलं त्यांना चालत नसे.) त्यांचा चेहरा उतरला असणार आणि तो त्याला श्वासावरून कळला असणार, कारण त्याने लगेच दुसरी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "तुमची रेकॉर्डिंग आमच्या ग्रुपवर सगळे ऐकतात. सामंतकाकांची फक्त मी ऐकतो."

एवढं पुरलं. सुनेत्राताईंनी ते ऋग्वेदाला सांगितलं. ऋग्वेदा अशाच गोष्टीच्या शोधात होती, कारण महिनाअखेर कंपनीचे साहेब केंद्र बघायला येणार होते आणि त्यांना दाखवण्यासारखं काहीतरी हवं होतं. तिने मुलांच्या ग्रुपवर सगळ्यांत जास्त ऐकलेलं मुद्रण कुठलं ते शोधून काढलं. खरोखरच ते सुनेत्राताईंचं निघालं. वर्षाचा उत्कृष्ट स्वयंसेवक कोण, हा प्रश्न तिथेच मिटला, आणि कार्यक्रमात ते मुद्रण सगळ्यांना ऐकवायचं ठरलं. ते आधी स्वतः ऐकून बघावं असं ऋग्वेदाला वाटलं नाही. त्याच्यापुढचा आकडा एवढा मोठा होता की ऐकायची गरजच नव्हती.

कार्यक्रमाला सुनेत्राताई हिरवी पैठणी नेसून आल्या. पहिल्या रांगेत कंपनीचे साहेब, मागे स्वयंसेवक, त्यांच्यामागे मुलं. ऋग्वेदाने चार शब्द बोलून बटण दाबलं आणि सभागृहभर तो स्वच्छ, भरदार आवाज पसरला.

"गिरणगावातल्या खानावळी या केवळ... हॅलो? अगं, वाचनाला बसलेय. नाही, बोल ना. कोलंबी? बारीकच घे, भानोल्याला मोठी घालायची नसते. आणि नारळाचं दूध घरी काढ. बरं. हं, तर कुठे होतो आपण? खानावळी. खानावळीचं जेवण म्हणजे नुसतं तिखट, माझे काका सांगायचे..."

साहेबांपैकी एकाने सौम्य हसून शेजाऱ्याकडे पाहिलं. मागची मुलंही हसत होती, पण ती जरा निराळी हसत होती, पाठ असलेल्या गोष्टीतली जागा जवळ आली की हसतो तशी. सुनेत्राताईंना बरं वाटलं. मुलांना आपलं बोलणं आवडतं, ते घरच्यासारखं वाटतं, असंच त्यांच्या मनात आलं.

मग मुद्रणातला आवाज एकदम हळू झाला. "प्रकरण सातवं. संपानंतरची घरं." आणि त्यानंतर काहीच नाही. सभागृहात शांतता. त्या शांततेत, पुस्तकाच्या पानाचा एक आवाज. खर्रर्र.

मुलांच्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं.

"अजून आहे," आकांक्षाचा आवाज आला. ही स्वप्नीलची वर्गमैत्रीण. ती हळू बोलली होती, पण सभागृह शांत असल्यामुळे ऐकू आलं. आणि खरंच पुन्हा पान उलटलं. खर्रर्र.

"अजून."

खर्रर्र.

"आता नाक ओढणार," आकांक्षा म्हणाली, आणि मुद्रणातल्या सुनेत्राताईंनी नाक ओढलं. त्यावर मुलांची सगळी रांग हसण्याने फुटली. कंपनीच्या साहेबांना काही कळलं नाही, पण मुलं आनंदात आहेत एवढं दिसलं आणि ते टाळ्या वाजवू लागले. टाळ्यांमध्येच मुद्रण म्हणालं, "झालं सातवं. छोटंच होतं."

सुनेत्राताईंना शाल, श्रीफळ आणि नावाची पट्टी बसवलेलं मानचिन्ह मिळालं. फोटो झाले. फोटोत त्यांचा चेहरा असा आहे की जणू कोणीतरी मागून हाक मारलीय आणि वळावं की नाही ते ठरत नाहीये.

चहाच्या वेळी त्यांनी स्वप्नीलला मागच्या व्हरांड्यात गाठलं. पेपर आता अगदी आठवड्यावर आला होता. शाल अजून त्यांच्या खांद्यावरच होती. मुलं कशाला हसली, असं त्यांनी विचारलं. स्वप्नील आधी म्हणाला, काही नाही, असंच. मग त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा त्याने कप कठड्यावर नीट चाचपून ठेवला.

"ताई, पान उलटल्याचा आवाज आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त ऐकू येतो," तो म्हणाला. "वाचत वाचत उलटलेलं पान वेगळं वाजतं. न वाचता उलटलेलं वेगळं."

सुनेत्राताई काही बोलल्या नाहीत. ते त्यांच्या बाबतीत इतकं क्वचित घडत असे की स्वप्नीलने मान जराशी वळवून त्या अजून तिथेच आहेत ना याचा अंदाज घेतला.

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

सुनेत्राताईंना आधी राग आला. मनात आलं, याने परस्पर कसं ठरवलं, मला काय सहन होईल आणि काय नाही? मी काय लहान आहे? आणि हे वाक्य मनात पुरतं व्हायच्या आत त्याचं दुसरं टोक त्यांच्या हाती आलं. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, घडी घालायला गेल्या आणि घडी काही नीट जमेना.

"तुझ्या आजोबांचं सगळं होतं रे त्यात," त्या शेवटी म्हणाल्या. "मला वाटलं, तुला कशाला..."

"आमच्या घरात ते प्रकरण रोज चालतं, ताई. आजी जेवायला वाढताना सुरू करते ती हात धुवेपर्यंत. मला ते पुस्तकात कसं मांडलंय तेवढंच पाहिजे. पेपरात तेच विचारतात. मागच्या वेळी पण तेच विचारलं होतं आणि मी आजीचं लिहून आलो."

आता राहिलेलं वाचून घेतलं म्हणतोस, तर सामंतांनी सातवं वाचलं नाही का, असं त्यांनी विचारलं. त्यावर स्वप्नील पहिल्यांदाच मोकळा हसला. सामंतकाका सगळं वाचत होते. म्हणजे अगदी सगळं. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, मुद्रणालयाचा पत्ता, सर्व हक्क राखीव, ऋणनिर्देशातलं एकूणएक नाव. तळटीप आली की तळटीप, आणि तळटिपेत "मागे पाहा" असं असलं की ते मागे जाऊन पाहत आणि तेही पुन्हा वाचत. नाशिकच्या लग्नातले सगळे विधी होऊन सुनेत्राताई परत आल्या तेव्हा सामंत दुसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर होते. त्यांच्या हिशेबाने सातवं प्रकरण परीक्षा होऊन गेल्यावर आलं असतं. "आणि त्यांचा आवाज ऐकला की झोप येते," स्वप्नील म्हणाला. "तुमचा कानात राहतो. म्हणून तर सगळे ऐकतात. ताई, तुम्हीच वाचा ना सातवं. नुसतं वाचा."

नुसतं वाचा. एवढंच मागणं होतं. चादर नको, डबा नको, आठवणी नकोत. सुनेत्राताईंनी आयुष्यात पुष्कळ काही दिलं होतं, पण कोणी इतकं थोडं मागितल्याचं त्यांना आठवेना, आणि ते देता येईल की नाही याची त्यांना खात्री वाटेना.

दुसऱ्या दिवशी त्या केंद्रात आल्या त्या फोन घरी ठेवून. डबा आणला नव्हता. ओळखपत्र मात्र होतं, त्याशिवाय दारावरचा माणूस आत सोडत नसे. शेजारच्या टेबलाशी सामंत दुसऱ्या कोणा मुलीला कायद्याचं पुस्तक वाचून दाखवत होते आणि स्वल्पविरामाला इतके थांबत होते की दोन शब्दांमध्ये कोणाला चहा सांगून आणता आला असता. सुनेत्राताई खुर्ची ओढताना थांबल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, "सामंत, तुम्हाला वाचताना मध्ये काही बोलावंसं वाटत नाही?"

"वाटतं की," सामंत म्हणाले. "पण लिहिणाऱ्याने लिहिलंय, छापणाऱ्याने छापलंय. मध्ये मी कोण?"

आणि ते पुन्हा आपल्या स्वल्पविरामाकडे वळले.

सुनेत्राताईंनी पुस्तक उघडलं. "प्रकरण सातवं. संपानंतरची घरं."

पहिलं पान जड गेलं, पण गेलं. दुसऱ्या पानावर खानावळी बंद पडल्याचं होतं आणि तिथे काकांची तिखट जेवणाची गोष्ट त्यांच्या ओठापर्यंत आली. त्यांनी ती गिळली. गिळताना आवाज झाला असावा, कारण स्वप्नीलच्या ओठाचा कोपरा हलला. आकडे आले, ते वाचले. किती घरांतली मुलं शाळेतून निघाली, किती बायका पापड लाटायला आणि धुणीभांडी करायला बाहेर पडल्या. त्यातल्या काही दादरच्या घरांत कामाला जात, असं पुस्तकात होतं. सुनेत्राताईंना आपल्या आईच्या घरी येणारी लक्ष्मी आठवली. ती चाळीतून चालत यायची आणि आई तिला सणाला साडी द्यायची. साडीची गोष्ट आपण आजवर कितीदा ऐकली. पण लक्ष्मी नेमकी संपाच्याच वर्षी कामाला का लागली, हे घरात कोणी कोणाला विचारल्याचं काही आठवत नव्हतं. हे सगळं सांगण्यासारखं होतं. पूर्वी त्यांनी ते नक्की सांगितलं असतं, आणि सांगताना डोळे पुसले असते, आणि स्वप्नीलला मग त्यांची समजूत घालावी लागली असती.

त्यांनी बोट ओळीवर ठेवलं आणि पुढची ओळ वाचली.

एका जागी एका कामगाराचे शब्दच छापले होते. मुलाच्या शाळेची फी भरायला तो जुन्या मित्राकडे गेला, मित्राने पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी नाक्यावर सगळ्यांना सांगितलं. "त्यापेक्षा नाही म्हणाला असता तर बरं होतं," असं त्या माणसाने म्हटलं होतं. सुनेत्राताईंचा आवाज इथे थांबला. त्या वाक्याकडे त्या इतका वेळ बघत राहिल्या की स्वप्नीलला कळेना, पान संपलं की काय.

"पुढे, ताई," तो म्हणाला.

त्या पुढे गेल्या. तळटीपसुद्धा वाचली. प्रकरण संपलं तेव्हा बाहेर संध्याकाळ झाली होती आणि सामंतांच्या टेबलावरची मुलगी, कायदा बाजूला ठेवून, हनुवटी हातावर टेकून, इकडचंच ऐकत बसली होती. सामंतांनी तिला काही म्हटलं नाही. तेही तेच ऐकत होते. सुनेत्राताईंनी पुस्तक मिटलं आणि आता काहीतरी शेवटचं बोलायला हवं म्हणून तोंड उघडलं, आणि स्वप्नीलच्या हातातला फोन अजून मुद्रण करतोय हे पाहून पुन्हा मिटलं.

आठवड्याने पेपर झाला. सुनेत्राताई सकाळपासून फोन हातात घेऊन फिरत होत्या. बहिणीचा फोन आला तर त्यांनी तो दोन वाक्यांत ठेवला. तिला वाटलं, बरं नाही की काय. दुपार उलटल्यावर स्वप्नीलचा फोन आला.

"आला, ताई," तो म्हणाला. "सातव्यावर मोठा प्रश्न आला. पुस्तकातलं लिहिलं सगळं. तळटीपसुद्धा."

सुनेत्राताईंच्या घशाशी पुष्कळ काही दाटून आलं. मी म्हटलं नव्हतं का, असं. तुझ्या आजोबांचे आशीर्वाद, असं. काकांची खानावळीची गोष्ट तर अजून तिथेच अडकून होती. त्याचा निकाल लागायचा होता, नोकरी व्हायची होती, पण फोनमधल्या त्याच्या आवाजावरून त्यांना तो कळला होता. हल्ली त्यांना आवाजावरून थोडंफार कळू लागलं होतं. त्या खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या.

"बरं," त्या म्हणाल्या.

पलीकडे स्वप्नील जरा थांबला. पुढे काही येणार म्हणून त्याने वाट पाहिली असावी. काही आलं नाही. मग तो म्हणाला, "थँक्यू, ताई," आणि त्या एका शब्दाचे त्याने इतक्या नीट आभार मानले की सुनेत्राताईंना फोन ठेवल्यावरही काही क्षण बसावंसं वाटेना.

त्या खिडकीशी गेल्या. खाली इस्त्रीवाला कोळसे फुलवत होता. घर शांत होतं. त्यांनी आयुष्यात दिलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये ही सगळ्यांत कठीण होती आणि तिचा फोटोसुद्धा नव्हता.

मग त्यांनी फोन उचलला आणि बहिणीला लावला.

"ऐक," त्या म्हणाल्या. "स्वप्नीलचा फोन आला होता. आणि मी त्याला काय म्हणाले माहीत आहे? नुसतं बरं म्हणाले. खरंच सांगतेय. एक शब्द जास्त नाही बोलले."

त्यानंतर त्यांनी वैशालीवहिनींना सांगितलं, दुसऱ्या मजल्यावरच्या आजीला जाऊन सांगितलं, आणि संध्याकाळी भाजी आणायला खाली उतरताना लिफ्टमनला, तळमजला येईपर्यंत, पुन्हा एकदा पहिल्यापासून.